न दिसणारी बाजू

आमच्या सुतारकामाच्या दुकानात ऋतू कामावरून ओळखू येतात. थंडी ओसरली की लग्नसराईचे पलंग आणि कपाटे येतात. उन्हाळ्यात नव्या घरांच्या चौकटी आणि दारे येतात. आणि आषाढ लागला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवण्याची घाई उडते. बाबांच्या तरुणपणी याखेरीज आणखी एक काम असे, ते संत्र्यांच्या पेट्यांचे. पांढुर्णा आणि सौंसरकडची संत्री दूरच्या बाजारांत जात, ती सलईसारख्या हलक्या लाकडाच्या पेट्यांतून. अशा किती पेट्या आपण ठोकल्या याचा हिशेब बाबांपाशीही नाही. त्यामुळे पेटी म्हणजे काय, याविषयी त्यांची मते जुनी आणि पक्की होती. अशा माणसापुढे मी एके दिवशी एका निराळ्याच पेटीचे काम आणून ठेवले. त्या कामात माझी जी फजिती झाली आणि त्या फजितीतून जे हाती लागले, ते सांगण्यासाठी हा लेख.

काम होते एका निवृत्त गुरुजींचे. गावातील दोन पिढ्यांना त्यांनी मराठी शिकवले. मीही त्यांच्याच हाताखालचा. वाचनावाचून त्यांचा दिवस जात नसे. परंतु काचबिंदूने त्यांची दृष्टी कडेकडून आत आत मिटत गेली आणि आता खिडकीचा उजेड व समोरच्या माणसाची आकृती यांपलीकडे त्यांना फारसे काही दिसत नाही. पुस्तके कपाटात राहिली आणि गुरुजींचे सारे जगणे कानांवर आले. नोकरीनिमित्त दूर असलेल्या त्यांच्या मुलाने एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर पाठवला. त्याबरोबर, ज्यांना आपण सर्रास स्पीकर म्हणतो ते ध्वनिक्षेपक सुटेच पाठवले आणि मला कळवले, "यांच्या पेट्या तुम्हीच करा. आईला विचारून करा."

आईला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला बैठकीत उभे केले आणि म्हणाल्या, "नीट बघून घे." मी पाहिले. दाराच्या चौकटी सागवानी, भिंतीतले कपाट सागवानी, कोपऱ्यातला झोपाळा सागवानी. आणि कपाटाशेजारी तिवईवर एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याचीही पेटी सागाच्याच रंगाची. सगळ्यावर एकच पिकलेला, मधासारखा तपकिरी रंग चढलेला. काकू म्हणाल्या, "या खोलीत मला काळी खोकी नकोत. पाहुणा येऊन बसल्यासारखे वाटता कामा नये. घरचेच वाटले पाहिजे." गुरुजी खुर्चीतून हसत म्हणाले, "हिला दिसायला हवे आणि मला ऐकायला हवे. एका पेटीत दोन्ही बसते का, ते तुझे तू पाहा."

तो रेडिओ त्या घरात नुसती शोभेची वस्तू नव्हता. आमच्या भागाच्या माणसाला रेडिओचे मोल निराळे सांगावे लागत नाही. 1948 साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळी नागपूर हीच मध्यप्रांताची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतातला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा व सौंसर नव्या मध्यप्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली. नागपूर मात्र सुमारे शंभर किलोमीटरवर होते तेथेच राहिले आणि तेथून निघणारा मराठी आवाज सीमा न विचारता घरोघर येत राहिला. कचेरीचा कागद एका भाषेत आणि सायंकाळचा रेडिओ दुसऱ्या भाषेत, असे आमच्या आजोबांच्या पिढीचे दिवस गेले. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी संध्याकाळी जुन्या माणसांचे कान वळतात ते नागपूरकडेच. गुरुजींच्या वडिलांनी तो रेडिओ घेतला तेव्हा रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागत असे. आता त्याचे व्हॉल्व्ह थंडावले आहेत आणि आकाशवाणी मोबाईलवरही ऐकू येते. पण मोबाईलचा तो नखाएवढा स्पीकर गुरुजींना पुरेना. माणूस बोलतो तो डबीत बसून बोलल्यासारखा वाटतो, असे ते म्हणत. ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजही असा अर्धामुर्धा मिळावा, ही गोष्ट माझ्या मनाला लागली.

ध्वनिक्षेपकाला पेटी लागते कशाला, हे विद्यार्थी मित्रांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आज आपण वापरतो त्या जातीचा ध्वनिक्षेपक अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी 1925 साली जगापुढे मांडला. त्यात कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा एक शंकू असतो. शंकूच्या मुळाशी तारेचे वेटोळे आणि त्याभोवती लोहचुंबक. गाण्याची वीज वेटोळ्यातून खेळू लागली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा ढकलतो. परंतु तो पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ही विरळ हवा कडेने फिरून पुढे आली की पुढचा दाब भरून काढते आणि दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. उंच स्वरांचे यात फार बिघडत नाही, कारण त्यांच्या लाटा आखूड असतात. मृदंगाचा धुमारा, पुरुषाच्या आवाजातील खर्ज हे मात्र पार नाहीसे होतात. सेकंदाला 50 वेळा थरथरणाऱ्या खर्जाच्या स्वराची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते, म्हणजे गुरुजींच्या बैठकीहूनही मोठी. म्हणून मागची हवा कोंडून ठेवायची. पेटीचे पहिले काम हे कोंडण्याचे.

मी हे सारे बाबांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "संत्र्याच्या पेटीले फटी नाई ठेवल्या तं फळ सडते. आन् ह्या पेटीले?"

"या पेटीला एकही फट चालत नाही, बाबा. फट राहिली की आवाज सडतो."

बाबांना ही तुलना पटली असावी. कारण त्यांनी लगेच सागाच्या फळ्या पाहायला सुरुवात केली. येथेच आमचे पहिले भांडण झाले. त्यांना पेट्या अस्सल सागवानी फळीच्या हव्या होत्या. मला प्लायवूडच्या, वरून सागाचा पापुद्रा चढवलेल्या. बाजारात या पापुद्र्याला विनिअर म्हणतात. "हे सोंग कायले?" बाबा म्हणाले. "सातपुड्याचा साग दारात असतानी त्याचं कातडं पांघरा लागते काय?"

त्यांचे म्हणणे भावनेने खरे होते, पण लाकडाच्या स्वभावाने खरे नव्हते. लाकूड झाडावरून उतरले तरी हवेतला ओलावा घेणे-सोडणे थांबवत नाही. पावसाळ्यात ते आडवे फुगते, उन्हाळ्यात आडवे आकसते. लांबीला मात्र जवळजवळ तितकेच राहते. साग यात पुष्कळ शहाणा, तरी आमच्या वैशाखात रुंद सागवानी फळीही चुळबुळ करतेच. बंद पेटीत अशी फळी सांध्यांना ताण देते आणि कुठेतरी फट पाडते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक उभ्या-आडव्या रेषांनी चिकटवलेले असतात. एकाला आकसायचे असले तरी शेजारचा त्याला आवरून धरतो. शिवाय पापुद्र्याची कला काही आजची नाही. प्राचीन इजिप्तमधील कारागीरही मौल्यवान लाकूड पातळ चिरून साध्या लाकडावर बसवीत. हे सांगूनही बाबा हलेनात, तेव्हा मी त्यांना गुरुजींकडे नेले आणि त्या जुन्या रेडिओची पाठ उघडून दाखवली. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. तेथे एकावर एक थरांच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. ज्या पेटीला सारे घर अस्सल सागवानी समजत आले होते, तिच्यावर सागाचा नुसता पापुद्रा होता. काकूंचा चेहरा पडला. गुरुजी मात्र म्हणाले, "इतकी वर्षे टिकला, तो पापुद्रा खोटा कसा?" बाबांनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि ते काही न बोलता बाहेर पडले. मी जिंकलो असे मला वाटले. ती पेटी मात्र मी त्या दिवशी नीट पाहिली नव्हती, हे पुढे कळायचे होते.

नागपूरहून मी पापुद्रे आणले. सागाचा ओंडका गरम पाण्यात मऊ करून मोठ्या पात्याने त्याचे कागदासारखे काप काढतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या दोन कापांवर रेषांची नक्षी जवळजवळ सारखीच असते. ते पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मांडले की डाव्या पानाची नक्षी उजव्या पानात आरशातल्यासारखी उमटते. मी असे जोडीचे पापुद्रे निवडले, म्हणजे डावी पेटी उजव्या पेटीची जुळी बहीण दिसावी. उंची 30 इंच, रुंदी 12, खोली 12. प्लायवूड मी 12 मिलिमीटरचे घेतले; काटकसर ही एक गोष्ट आणि हलकेपणा ही दुसरी. काकूंच्या माजघराच्या दारातून पेट्यांची पाठही दिसणार होती, म्हणून मागच्या झाकणालाही बाहेरून पापुद्रा लावायचे ठरले. झाकण चार कोपऱ्यांत चार स्क्रूंनी बसणार होते.

सरस लावताना बाबा दाराशी उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आतून काय लावशीन?"

"आतून कोण पाहते, बाबा?" मी म्हणालो.

ते पुन्हा काही बोलले नाहीत. बाबांच्या गप्प बसण्याचे अनेक अर्थ असतात. मी त्यातला मला सोयीचा तेवढा घेतला.

चैत्रात पेट्या गुरुजींच्या बैठकीत उभ्या राहिल्या. नवा साग पिवळट आणि थोडा हिरवट दिसतो, म्हणून कपाटाशी मेळ बसावा यासाठी मी त्यावर गडद रंग चढवून मग पॉलिश केले होते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. काकूंनी शेजारणींना बोलावून दाखवले. गुरुजींनी एक नाट्यपद लावायला सांगितले आणि ते ऐकत असताना हात पुढे करून पेटीच्या कुशीवर तळवा ठेवला. पद संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही. मग म्हणाले, "छान आहे." त्यांच्या 'छान'मधला शेवटचा 'न' थोडा आखूड होता. आम्हां विद्यार्थ्यांना तो उत्तरपत्रिकांच्या काळापासून परिचयाचा.

वैशाखाच्या ऐन उन्हात काकूंचे बोलावणे आले. तक्रार अशी त्यांनी केली नाही. "जरा पाहून जा" एवढेच म्हणाल्या. मी गेलो आणि दारातच थबकलो. एका पेटीच्या मागच्या झाकणाची उभी कड मध्यभागी वर उचलली गेली होती. कोपऱ्यांतले स्क्रू धरून होते, पण त्यांच्यामध्ये झाकण नखाच्या जाडीइतके वाकले होते आणि त्या फटीतून खर्जाच्या प्रत्येक स्वराबरोबर हवा फुरफुरत होती. काकूंनी त्या बाजूला एक फुलदाणी सरकवून ठेवली होती. माझी चूक पाहुण्यांना दिसू नये म्हणून ठेवलेली ती फुलदाणी मी अद्याप विसरलो नाही.

गुरुजींनी मला जवळ बसवले. "पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते," ते म्हणाले, "पण तू उन्हातून पेट्या घेऊन आला होतास. हात ठेव येथे." मी पेटीच्या कुशीवर हात ठेवला. आत पुरुषाचा आवाज गात होता आणि माझ्या तळव्याखाली लाकूडही त्याच्याबरोबर गुणगुणत होते. "तंबोऱ्याचा भोपळा थरथरलाच पाहिजे," गुरुजी म्हणाले. "ते त्याचे कामच. पण ही पेटी का थरथरते रे? मला गवयाचा आवाज हवा, तुझ्या फळीचा नको."

या एका वाक्यात त्यांनी सारे शास्त्र सांगितले. मिरजेचे कारागीर दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडवीत आले आहेत. पंढरपूरच्या बाजूचे मोठाले भोपळे निवडून, वाळवून, त्यांना लाकडाची साथ देऊन ते असे वाद्य करतात की त्याचा कणकण बोलावा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्याच्या पेटीला स्वतःचा आवाज असतो, तोच तिचा गुण. ध्वनिक्षेपकाची पेटी याच्या अगदी उलट. दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा पुढे जावा म्हणून तिने स्वतः मुके राहायचे. माझी 12 मिलिमीटरची पातळ, आधाराविना उभी असलेली कूस मुकी राहू शकत नव्हती. ती प्रत्येक गाण्यात आपला एक सूर मिसळत होती, आणि ज्याला डोळे नाहीत त्या माणसाने तो पहिल्याच दिवशी ओळखला होता.

पेट्या हातगाडीवर घालून परत आणल्या. बाबांनी वाकलेले झाकण हातात घेतले, उजेडात धरले आणि त्याच्या कडेवरचे थर बोटाने मोजले. नऊ भरले.

"कोन पाह्यते म्हने!" ते शांतपणे म्हणाले. "लाकूड पाह्यते. नवावर दहावं चढवलं तुनं. मंग अकरावं कुठं हाय?"

प्लायवूडमध्ये थरांची संख्या विषम का असते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मात्र त्या क्षणी कळला. मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखेच थर असावेत, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी राहते, यासाठी ती योजना. मी एका अंगाला दहावा थर चिकटवला आणि तो तोल मोडला. ओल्या सरसाने तो पापुद्रा आधी फुगला, मग वैशाखाच्या झळांनी आकसला. आकसताना त्याने सबंध फळी आपल्याकडे ओढली. आतून त्याला उलट ओढणारा कोणी नव्हता. बाबांनी विनिअरचे काम आयुष्यात केले नव्हते, पण दारे जन्मभर केली होती. दाराला एकाच बाजूने रंग दिला तर ते वळते, हे त्यांना ठाऊक होते. "आतून काय लावशीन" हा त्यांचा प्रश्न नव्हता, उत्तर होते. मला ते ऐकू आले नाही एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गुरुजींकडे गेलो आणि त्या जुन्या रेडिओची पाठ पुन्हा उघडली. या वेळी आत दिवा धरला. पेटीच्या आतल्या अंगालाही एक पापुद्रा होता. साध्या, हलक्या लाकडाचा, न रंगवलेला, पण सबंध आणि नीट चिकटवलेला. तो कोणी पाहावा म्हणून लावला नव्हता. तो होता म्हणून बाहेरचा सागवानी पापुद्रा इतके उन्हाळे सरळ राहिला होता. पहिल्या भेटीत मी फक्त टवका पाहिला होता, कारण मला वाद जिंकायचा होता.

मग आम्ही दोघे बसलो. प्लायवूड या वेळी 18 मिलिमीटरचे घेतले. पेटीच्या आत मधोमध, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत, आडवा आधार दिला. मोठी फळी अशी विभागली की तिची गुणगुण आटोक्यात येते. बोटाच्या पेराने कुशीवर टकटक करून बाबा ऐकत आणि 'ढब' ऐवजी 'टक' असा कोरडा आवाज येईपर्यंत समाधान मानीत नसत. प्रत्येक फळीला बाहेरून सागाचा आणि आतून साध्या लाकडाचा पापुद्रा एकाच बैठकीत चढवला. साग तेलकट असतो, सरस नीट धरत नाही. म्हणून चिकटवण्यापूर्वी तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतला. दाबयंत्र आमच्याकडे नाही. सपाट फळ्यांमध्ये धरून वर विटा रचल्या आणि कडांना शिकंजे लावले. झाकणाला चाराऐवजी बारा स्क्रू आणि कडेने मऊ पट्टी दिली. आतली जागा सुमारे 50 लिटर राहिली. तिच्यात थोडी लोकर सैल भरली, म्हणजे आतल्या भिंतींवर आपटून परतणारा आवाज तेथेच विरावा.

रंगाच्या बाबतीतही बाबांनी माझा हात धरला. मी पुन्हा गडद रंग काढला तेव्हा ते म्हणाले, आजच्या कपाटाशी आज मेळ घालशील, तर पाच वर्षांनी काय होईल? सागाचा हिरवट पिवळेपणा उजेडाने काही आठवड्यांतच निवळू लागतो आणि पुढे तो सोनेरी तपकिरी होत जातो. रंग चढवला की खालचा साग आपल्या वाटेने जातो आणि वरचा रंग आपल्या. आम्ही पापुद्र्यांना आठवडाभर अंगणात ऊन दाखवले, मग जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाच्या चिंध्या बाबा रोज उघड्यावर पसरून वाळवीत. गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात, ही ताकीद प्रत्येक विद्यार्थ्यानेही लक्षात ठेवावी. काकूंना मी स्पष्ट सांगितले, "पहिल्या वर्षी या पेट्या कपाटाहून थोड्या फिक्या दिसतील." त्या म्हणाल्या, "नवी माणसे घरात मुरायला वेळ लागतोच."

कापडावरून मात्र एक लहानशी अडचण आली. पेटीच्या तोंडावर पडद्याचेच जाड कापड असावे असा काकूंचा आग्रह होता. मी त्यांच्या हाती ते कापड दिले आणि त्यातून फुंकर मारायला सांगितले. फुंकर पलीकडे गेली नाही. "जेथून फुंकर जात नाही तेथून बासरी कशी जाईल?" एवढेच मी म्हणालो. मग सौंसरकडच्या हातमागाचे एक विरळ विणीचे सुती कापड मिळाले, पडद्याच्या काठाशी जुळणारे. काकूंनी स्वतः फुंकर मारून ते पसंत केले.

या सगळ्यात पावसाळा आला. नंदी घडवण्याचे दिवस असूनही बाबांनी पेट्या मुद्दाम महिनाभर दुकानात ठेवल्या. ओल खाऊ दे, मग बघू, असे ते म्हणत. पहिल्या जोडीचे लाकूड वाया गेले होते. त्यापायी गुरुजींकडून एक पैसाही जास्त घ्यायचा नाही, हे त्यांनी मला न विचारता ठरवून टाकले. पोळ्याच्या चार दिवस आधी आम्ही पेट्या पोचत्या केल्या.

गुरुजींनी आधी काही लावू दिले नाही. ते उठले, पेटीपाशी आले आणि दोन्ही हातांनी तिला चाचपू लागले. माथा, कुशी, कडा. मग वाकून पाठ. झाकणाच्या कडेवरून त्यांचे नख सावकाश फिरले. "पाठीवरही रेषा आहे," ते म्हणाले.

"आतूनही आहे, गुरुजी."

"ती मला कशी कळावी?"

"वैशाख येऊ द्या. कळेल."

मग त्यांनी तेच नाट्यपद लावायला सांगितले आणि पूर्वीसारखाच तळवा कुशीवर ठेवला. पेटी मुकी होती. पद चालू असता एके ठिकाणी त्यांनी बोट वर केले आणि थांबवून पुन्हा तेवढाच भाग लावायला सांगितला. मला त्यात विशेष काही ऐकू आले नव्हते. ते म्हणाले, "तान घेण्यापूर्वी गवई श्वास घेतो बघ. तो ऐकू येतो आहे." दुसऱ्यांदा मलाही तो ऐकू आला. कित्येक वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद खोलीत गाणाऱ्या माणसाने घेतलेला श्वास आमच्या पांढुर्ण्यातल्या बैठकीत, त्या दोन मुक्या पेट्यांमधून, स्वच्छ उमटला होता. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाटाकडे पाहिले, पेट्यांकडे पाहिले आणि कोपऱ्यातली ती फुलदाणी उचलून पुन्हा खिडकीत नेऊन ठेवली.

त्यानंतर दोन वैशाख गेले. मी दर उन्हाळ्यात एकदा जातो आणि झाकणाच्या सांध्यात कागदाची कड घालून पाहतो. ती शिरत नाही. पेट्यांचा रंग कपाटाच्या जवळ आला आहे, अजून पुरता मिळालेला नाही. गुरुजी रोज सायंकाळी नागपूर ऐकतात.

दुकानात आता पापुद्र्याची कामे पुष्कळ येतात. प्रत्येक वेळी सरसाचा डबा उघडला की बाबा दाराशी येऊन तोच जुना प्रश्न विचारतात. उत्तर देण्याऐवजी मी आतल्या बाजूचा पापुद्रा उचलून त्यांना दाखवतो, आणि ते आपल्या नंदीच्या शिंगांकडे वळतात.